खोड्यातली लस

“आमास्नी म्हशीचीच द्या,” गेनूआबा म्हणाले.

मी त्या वेळी त्यांच्याच म्हशीच्या मानेत सुई घालत होते, त्यामुळं ते म्हशीबद्दलच काही सांगताहेत असं मला वाटलं. म्हैस खोड्यात उभी होती. खोडा म्हणजे लोखंडी नळ्यांचा अरुंद पिंजरा. जनावर एका बाजूनं आत घालायचं, पुढून-मागून आडवी नळी सरकवायची, की त्याला हलता येत नाही. बोरखडीचा खोडा बिरोबाच्या देवळासमोर लिंबाखाली आहे. मी सुई काढली, जागा चोळली आणि विचारलं, “काय म्हणालात, आबा?”

“म्हनलं, करोनाची लस घ्यायचीच आसंल तर घेतो आमी. पर ती त्या डब्यातली नगं.” त्यांनी हनुवटीनंच नलिनी सिस्टरचा निळा डबा दाखवला. मग माझ्या निळ्या डब्यावर हात ठेवला. “ह्यातली द्या.”

दोन्ही डबे एकाच साच्यातून निघाल्यासारखे होते. आत दोन्हींत बर्फच.

“आबा, ही लाळ्या-खुरकुताची लस आहे. म्हशीची.”

“मग? आमी काय म्हशीपरास नाजूक हाय व्हय?”

मागं दावी धरून उभी असलेली माणसं हसतील असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. दोघातिघांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही चेष्टा नाही, ठराव आहे.

मी तेव्हा त्या भागात जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. मूळची इचलकरंजीची, माणदेशात पहिलीच नेमणूक. सुरुवातीला लोक दवाखान्याच्या दारात यायचे, खुर्चीत बाई बघायचे आणि म्हैस घेऊन परत फिरायचे. मग एकदा बोरखडीत अडलेलं रेडकू काढलं. कोपरापर्यंत हात घालून दोन तास धडपडले, रेडकू जिवंत निघालं, आणि त्या दिवसापासून मी तिथली ‘डाक्टरीणबाई’ झाले.

नलिनी सिस्टर माणसांच्या बाजूच्या. त्यांचं उपकेंद्र आणि आमचा दवाखाना एकाच आवारात, मधे एक बोरीचं झाड. दुसरी लाट ओसरली होती, दिवाळी जवळ आली होती. आदल्या दिवशी त्या माझ्याकडं येऊन बसल्या.

“मॅडम, बोरखडीत मला कुणी दार उघडत नाही. दोनदा जाऊन आले. गाडीचा आवाज आला की गाव रिकामं. एका घरात तर तव्यावर भाकरी करपत होती आणि माणूस नाही. मीच तवा उतरवून आले.”

“घाबरतात कशाला एवढी?”

“कुणी म्हणतं, दोन वर्षांत माणूस मरतो. कुणी म्हणतं, पोर होत नाही. सत्तरीचे एक आजोबा मला म्हणाले, पोर झालं नाही तर काय करू?” त्या हसल्या, पण थकलेलं हसू होतं ते. “तुम्ही उद्या जनावरांना लस द्यायला जाताय ना? मला बरोबर न्या. जनावर आलं की मालक येणारच. म्हैस सोडून पळून कोण जाईल?”

बेत चांगला होता आणि निम्मा जमलाही. गाव पळालं नाही. पण सिस्टरपासून दहा हात लांब, दावी धरून, तोंड फिरवून उभं राहिलं. सिस्टर एका टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कुणी फिरकलं नाही. आणि आता गेनूआबा म्हशीची लस मागत होते.

गेनूआबा मासाळ म्हणजे गावातलं वजनदार माणूस. अंगानं काटकुळे, पण ते जे करतील ते गाव करणार.

“आबा, असं नाही करता येत,” मी म्हणाले. “म्हशीचा रोग वेगळा, माणसाचा वेगळा.”

“तुमच्या लशीनं गावातलं एक जनावर दगावलं का आजवर?”

“नाही.”

“मग? जी लस आमच्या डोळ्याम्होरं खरी ठरलीया ती सोडून, जी आमी कवा बघितलीच न्हाई ती का घ्यावी?”

मी माझ्या परिचराकडं पाहिलं. मुलाणीमामा माझ्या आधीपासून तीस वर्षं जनावरं धरत आलेला माणूस. ते म्हशीची शिंगं धरून आभाळाकडं बघत होते.

नलिनी सिस्टर टेबलामागून उठून पुढं आल्या. “आबा, माझी लस मी स्वतः घेतलीय. मला काही झालं का?”

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मलाच म्हणाले, “बरं. ती तर ती. पर टोचायची तुमी.”

“मी?”

“तुमच्या हाताला गुन हाय. तुमी टोचलं तर आख्खं गाव घेतंय. काय रं?”

“घेतो की!” गावानं एका सुरात सांगितलं.

“मला माणसाला टोचायची परवानगी नाही, आबा. माझी नोकरी जाईल.”

“आन् त्यांना म्हशीला टोचायची हाय का?”

“नाही.”

“म्हंजी सरकारनं वाटनी बरुबर केलीया. आमीच चुकीच्या घरात जल्माला आलो.”

यावर मात्र गाव हसलं. बर्फ वितळत होता. सिस्टरच्या कुपीत दहा जणांची लस असते. एकदा उघडली की ठेवता येत नाही. त्यामुळं दहा माणसं तयार झाल्याशिवाय त्या कुपी फोडत नव्हत्या, आणि माणसं होती शून्य.

मुलाणीमामांनी शिंगं सोडली. “मॅडम, असं करा. हात तुमचा, सुई त्यांची.”

“म्हणजे?”

“तुम्ही आबांचा दंड धरायचा. म्हशीची मान धरता तसा. सिस्टर टोचतील. हात लागल्याशी मतलब.”

आबांनी हा तोडगा बराच वेळ मनात घोळवला. “चालंल,” ते शेवटी म्हणाले. “पर बोलायचं बी.”

“काय बोलायचं?”

“म्हशीला बोलता त्ये.”

मी जनावराला टोचताना काहीतरी पुटपुटते, हे मला माहीत होतं. काय पुटपुटते ते गावाला पाठ आहे, हे माहीत नव्हतं. पण मागून एका बाईनं ते लगेच म्हणूनच दाखवलं, “थांब गं माजे बाय, थांब गं राणी, झालं झालं झालं.” शेवटच्या ‘झालं’ला मी आवाज कसा खाली आणते, तेसुद्धा तिनं हुबेहूब केलं.

“ते जनावरासाठी असतं हो,” मी म्हणाले. कान तापले होते.

“जनावर ऐकतंय न्हवं? मग मानूस बी ऐकंल.”

मी त्यांना टेबलाकडं नेऊ लागले. आबा थांबले. “तिथं नगं. आत.”

“आत कुठं?”

त्यांनी आपली म्हैस बाहेर काढली, दावं दुसऱ्याच्या हातात दिलं, फेटा नीट केला आणि खोड्यात शिरून उभे राहिले. मुलाणीमामांना म्हणाले, “नळी सरकीव.”

“आबा, अहो काय हे!”

“माजा माज्यावर भरवसा न्हाई, बाई. सुई बघितल्यावर मी पळालो तर आख्खं गाव पळंल. नळी सरकीव, मुलाण्या.”

मुलाणीमामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पुढची नळी सरकवली. “मागची बी,” आबा म्हणाले. मागचीही सरकवली.

सिस्टरनी आधी खोड्याच्या नळ्या पुसल्या, कारण म्हशीनं त्या चाटलेल्या होत्या. मग कुपी फोडली. अजून दहा जण नव्हते, पण त्यांनी फोडली. मी बाहेरून हात घालून आबांचा दंड धरला. हाडावर नुसती कातडी. सत्तरीतला माणूस डोळे मिटून, दोन्ही मुठींनी लोखंड धरून उभा होता. मी घसा साफ केला.

“थांब रं माझ्या राजा,” मी म्हणाले. “थांब... झालं झालं झालं.”

“दिली,” सिस्टर म्हणाल्या.

आबांनी एक डोळा उघडला. “दिली?”

“दिली.”

“मला कळलंच न्हाई.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “डाक्टरीणबाई, खरं सांगा, दिली का?”

“दिली, आबा. मी बघितली.”

“मग बिल्ला?”

जनावराला लस दिली की कानात पिवळा बिल्ला असावा लागतो, त्यावर नंबर असतो. ज्यांच्या कानात नव्हता त्या म्हशींना आम्ही तो त्याच दिवशी मारत होतो.

“माणसाला बिल्ला नसतो. सर्टिफिकेट येतं, मोबाइलवर,” सिस्टर म्हणाल्या.

“तसला मोठा मोबाइल कुनाकडं हाय? उद्या कुनी इचारलं तर काय दाखवू? म्हशीला कुनी इचारत न्हाई, कान बघत्यात.”

मुलाणीमामांनी बिल्ला मारायचा चिमटा उचलून त्यांच्यासमोर एकदा उघडझाप करून दाखवला. आबांनी बिल्ल्याचा विषय तिथंच सोडला.

त्यानंतर जे झालं ते मी पुढं कुणाला सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही. खोडा एकच असल्यामुळं रांगही एकच झाली. एक म्हैस, तिचा मालक, मग दुसरी म्हैस. म्हैस आत गेली की माझी सुई, माणूस आत गेला की सिस्टरची. प्रत्येक म्हशीनंतर सिस्टर नळ्या पुसायच्या. डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी आपला रुमाल त्यांच्या डब्याला बांधून टाकला. आणि एक गोष्ट आमच्या दोघींच्याही ध्यानात आली: माझी सुई दाभणासारखी, ती म्हशीच्या मानेत जाताना बघितल्यावर सिस्टरची सुई कुणाला सुईच वाटत नव्हती. “एवढीशी?” असं म्हणून एक बाई तर थोडी नाराज झाली.

प्रत्येकाला तो मंत्र मात्र हवा होता. मी कंटाळून एकदोनदा नुसतंच “झालं” म्हणाले, तर तो माणूस खोड्यातून बाहेर येईना. “माजं पुरं म्हना,” तो म्हणाला. सुलाबाई नावाच्या बाईनं शेळी काखेत घेऊनच आत शिरायचं ठरवलं, का तर दोघींचं एकदमच होईल. शेळीला आज काही नाही असं सांगितल्यावर शेळीचा अपमान झाल्यासारखा चेहरा तिनं केला.

विठू पैलवान हा गावातला सगळ्यात दांडगा गडी. त्यानं आदल्या जत्रेत गदा मिळवली होती. तो छाती काढून आत शिरला, सिस्टरनी सुई वर धरली, आणि पैलवानाचे डोळे फिरले. खोड्यात असल्यामुळं तो पडला मात्र नाही. दोन नळ्यांच्या मधे उभाच्या उभा बेशुद्ध झाला. सिस्टरनी तेवढ्यात टोचून घेतलं. पाणी मारल्यावर तो शुद्धीवर आला आणि म्हणाला, “मी तयार हाय. द्या.”

“दिली,” सगळं गाव ओरडलं.

एवढ्यात जीप आली. तालुक्याचे आरोग्य अधिकारी डॉ. शेडबाळे. ते गावोगाव फिरून आकडे गोळा करत होते, आणि त्यांच्या तक्त्यात बोरखडीपुढं भोपळा होता. त्यांनी जीपमधूनच रांग पाहिली. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

“सिस्टर! वा! वा, वा!” त्यांनी मोबाइल काढून फटाफट तीन-चार फोटो घेतले आणि तिथंच उभे राहून जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकले. “बोरखडीत उत्स्फूर्त प्रतिसाद,” असं लिहिताना मोठ्यानं वाचलंसुद्धा.

मग ते जवळ आले. मग त्यांना खोडा दिसला. खोड्यात सुलाबाईंचे मालक उभे होते आणि त्यांच्या मागं, आपला नंबर कधी येतो याची वाट बघत, एक रेडा.

“हे काय आहे?” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांचा फोन वाजला. “हो सर... नाही सर, ते... नाही सर, कोंबलेलं नाही, ती स्वतःहून... सर, रेडा लाभार्थी नाही.” त्यांनी फोन खिशात ठेवला, घाम पुसला आणि ओरडले, “बाहेर काढा त्यांना! माणसांना जनावरासारखं वागवताय?”

लिंबाखालच्या कट्ट्यावर बसलेले गेनूआबा तिथूनच म्हणाले, “जनावरासारखं वागिवलं म्हनून तर घेतली, सायेब.”

“आजोबा, टेबलाजवळ घ्या, खुर्चीवर बसून घ्या. सन्मानानं घ्या.”

“खोडा नसंल तर आमी जातो,” रांगेतून कुणीतरी म्हणालं. आणि खरंच, दोन माणसं म्हशी वळवू लागली. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. रांग पाहिली. रेड्याकडं पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. जीपमधून त्यांनी ‘लसीकरण केंद्र’ असं लिहिलेला मोठा फलक काढायला लावला आणि खोड्याच्या पुढच्या बाजूला असा बांधून घेतला, की नळ्या झाकल्या जातील आणि माणसाचं फक्त डोकं नि दंड दिसेल. “आता बूथ दिसतोय,” ते म्हणाले. लांब जाऊन त्यांनी नवा फोटो घ्यायला मोबाइल धरला. नेमका त्याच वेळी मुलाणीमामांनी रेडा आत घेतला. फलकाच्या वर रेड्याचं डोकं, शिंगांसकट, गंभीर.

तो फोटो ग्रुपवर गेला की नाही, मला माहीत नाही. मला मात्र पुढं महिन्याभरात खुलासा द्यावा लागला, की शासकीय खोड्याचा वापर अन्य प्रयोजनासाठी का केला. मी लिहिलं, की वापर लसीकरणासाठीच झाला. यावर काही उत्तर आलं नाही.

दुपार कलली. रांग संपत आली. लस घेतलेली माणसं अर्धा तास कट्ट्यावर बसून उठून गेली होती. गेनूआबा अजून बसलेलेच. मी हात धुऊन त्यांच्याजवळ गेले.

“आबा, त्रास होतोय का काही?”

“न्हाई. बसा जरा.”

मी बसले. अंगावरच्या कोटाला शेणाचा वास येत होता.

“गेल्या साली माजी म्हस पडली हुती,” ते म्हणाले. “तुमी दुपारभर गोठ्यात बसला. मग म्हनला, आबा, ही वाचणार नाही. मी म्हनलं, कशानं? तुमी सगळं सांगितलं. आत काय बिगडलंय, औषिद का लागू पडंना. गेली म्हस. पर मला समजलं हुतं, ती कशानं गेली.”

“हो. आठवतंय मला.”

“आमच्या पोराला, बिरूला, न्हेला हुता मोठ्या दवाखान्यात. उन्हाळ्यात. दम लागत हुता. गाडी आली, घालून न्हेला. आमाला येऊ दिलं न्हाई. फोन लावला तर उचलायचं न्हाईत. मग एक दिस त्यांचाच फोन आला. पोरगी बोलत हुती. म्हनली, पेशंट एक्सपायर झाला.” आबांनी तो शब्द जपून, तुकड्या-तुकड्यानं उच्चारला. “मला त्यो शबुद म्हाईत न्हवता. मी म्हनलं, लई बरं झालं, बाई. कवा सोडताय?”

मी त्यांच्याकडं वळून बसले.

“ती बी गप बसली. मग फोन बंद झाला. मी गावात पेढं आनायला निघालो हुतो. वाटंत मास्तर भेटलं, त्यांनी सांगितलं, त्येचा अर्थ काय त्यो.” त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. “जाळायला बी त्येंनीच न्हेला. तोंड बघितलं न्हाई आमी. कशानं गेला, कसा गेला, कुनी काय सांगितलं न्हाई. तुमी डाक्टर हाय. तुमी सांगा.”

“आबा, मी माणसांची डॉक्टर नाही.”

“ते म्हाईत हाय मला. फुफ्फुस त्ये फुफ्फुसच न्हवं?”

होतं. मी सांगितलं. जनावराच्या मालकाला सांगते तसंच, पहिल्यापासून. विषाणू आत उतरतो, फुफ्फुसाच्या बारीक पोकळ्यांत पाणी धरतं. सुजलेल्या फुफ्फुसात वारा शिरत नाही. ऑक्सिजन लावला तरी रक्तात पोचत नाही. ते मधेच थांबवून विचारत होते. “म्हस घटसर्पात घुरघुरती तसं?” मी म्हणाले, थोडं तसं. “तगमग हुती का?” मी म्हणाले, होते. मग नळी घालतात, आणि नळी घालण्याआधी झोपेचं औषध देतात, म्हणजे माणसाला काही कळू नये.

“बिरूला दिलं आसंल?”

“मला माहीत नाही, आबा.”

“जवळ कुनी हुतं का त्येच्या?”

“ते पण मला माहीत नाही.”

आबांनी मान हलवली. “म्हाईत न्हाई म्हनायला बी कुनी भेटलं न्हवतं,” ते म्हणाले.

माझ्या मागं काहीतरी खडखडलं म्हणून मी वळले. नलिनी सिस्टर उभ्या होत्या. डबा त्यांनी जमिनीवर ठेवला होता.

“गाडी मी बोलावली होती, मॅडम,” त्या म्हणाल्या. “त्याला गाडीत मीच बसवलं. आबांना म्हणाले होते, चार दिवसांत परत आणते.”

मग मला समजलं, की गाव कुणाला घाबरून दारं लावत होतं. आणि हेही, की सकाळपासून आबांनी त्यांच्याकडं एकदाही का पाहिलं नव्हतं.

“मी रोज फोन करत होते, आबा. मलाही कुणी काही सांगितलं नाही. शेवटचं कळलं तेही दुसऱ्याच कुणाकडून. मग तुमच्या घरी यायचं... नाही जमलं मला.”

आबांनी आता त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी टेकून उठले आणि देवळामागच्या बोळात निघून गेले. सिस्टर डबा उचलायला वाकल्या. “चला मॅडम,” त्या म्हणाल्या, “झालं आपलं.”

पण आबा परत आले. बरोबर त्यांची बायको होती, बायाक्का. ठेंगणी, डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी. उन्हाळ्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती, हे मला मुलाणीमामांनी नंतर सांगितलं. ती कट्ट्यावर माझ्याशेजारी बसली.

“हिला बी सांगा,” आबा म्हणाले. “मला सांगितलं तसंच.”

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले. म्हातारी जमिनीकडं बघत ऐकत होती. मी फुफ्फुसापर्यंत पोचले होते, तोच ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे, बाई. मला समजना त्ये.” मग मान वर करून तिनं सिस्टरला विचारलं, “गाडीत बसताना काय बोलला का त्यो?”

सिस्टरनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, त्या काहीतरी गोड रचून सांगणार. लोक सांगतात तसं. आईची आठवण काढत होता वगैरे.

“बोलला,” त्या म्हणाल्या. “दार लावताना म्हणाला, सिस्टर, आबाला सांगा, मोऱ्या म्हशीची धार काढायला उजव्या अंगानं बसू नका. लाथ मारती.” त्यांचा आवाज फाटला. “मला वाटलं, येईलच तो. सांगेल त्याचं तोच. मी सांगायचं राहून गेलं.”

आबांनी बायाक्काकडं पाहिलं. बायाक्कानं लुगड्याचा काठ वर करून नडगी दाखवली. तिथं बोटभर लांब, काळा पडलेला वण होता.

“ही बग,” ती सिस्टरला म्हणाली. “जेठात मारली.”

“मला तर बादलीसकट उडिवलं,” आबा म्हणाले. “आख्खं दूध अंगावर. आठ दिस कंबर धरून हिंडलो.”

“मी म्हनत हुते ह्येंला, डाव्या अंगानं बसा! पर ऐकत्यात व्हय!”

“तुला कुटं म्हाईत हुतं? तू बी उजव्या अंगानंच बसलीस की!”

म्हातारीला हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर पदर धरूनसुद्धा आवाज बाहेर पडला. आबाही हसायला लागले. हसता हसता दोघांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सिस्टर तशाच उभ्या होत्या, हसावं की रडावं ते न कळून.

बायाक्कानं पदरानं तोंड पुसलं. मी सवयीनं तिचा दंड धरायला हात पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चोळीची बाही वर सारली आणि सरकून सिस्टरला शेजारी जागा केली.

“बस,” ती म्हणाली. “आन् दे.”